बेसमेंट-टूमधल्या निर्मलाताई

सहा आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. बेंगळुरूच्या चिकपेटमध्ये एका दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी साडीच्या फॉलचा रंग उन्हात धरून पाहत होते, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. अमोलचा होता. अमोल म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निर्मलाताई वानखडे यांचा मुलगा. तो मला एरवी कधी फोन करत नसे. "काकू, आई गेली," तो म्हणाला. "सकाळी चहा घेतला, कप विसळून ठेवला, खुर्चीत बसली आणि..." वर्षभरापूर्वी त्यांच्या हृदयाचं दुखणं कळलं होतं, औषधं चालू होती, तरी असं काही होईल हे आमच्यापैकी कुणीच धरून चाललं नव्हतं.

खरं तर मी तिथूनच रिक्षा पकडायला हवी होती. पण दोन गल्ल्या पलीकडे गणोजीरावांचं दुकान होतं, आणि ही बातमी त्यांना फोनवर कळावी असं मला वाटेना. गणोजीराव म्हणजे गाड्यांचे सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून, देणारे सत्तरीचे कारागीर. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतलं, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. मी दारात उभी राहिले तेव्हा मशीन चालू होतं. मी सांगितलं ते त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी मशीन बंद केलं, आणि मला ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "कुठल्या अक्का? आमच्या अक्का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते हातावरचं तेल चिंधीला पुसत राहिले... पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. मग शटर ओढलं आणि म्हणाले, "चला, मी पण येतो." मेट्रोत आम्ही शेजारी बसलो होतो. सगळ्या वाटेत ते एकदाच बोलले. "एवढ्या वर्षांत माझ्या दुकानात बसून काम बघितलेलं गिऱ्हाईक एकच."

त्या गिऱ्हाइकाची आणि माझी ओळख तीन वर्षांपूर्वीची, आणि ती झाली रस्ता चुकल्यामुळे. सर्जापूर रोडवरच्या आमच्या वसाहतीत एकसारख्या दिसणाऱ्या अकरा इमारती आहेत. एका संध्याकाळी मी फिरून परत येत होते, तर साठी ओलांडलेल्या एक ठेंगण्या बाई हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन चुकीच्या इमारतीच्या लिफ्टसमोर उभ्या होत्या. त्यांनी हिंदीत काहीतरी विचारलं. त्या हिंदीच्या वळणावरूनच मी मराठीत उत्तर दिलं. "अरे बाप्पा, मराठी!" असं म्हणून त्यांनी माझा हात जो धरला, तो इमारत सापडेपर्यंत सोडला नाही. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होत्या. यजमान शिक्षक, ते आदल्या वर्षी वारले. त्यानंतर मुलानं घराला कुलूप लावलं आणि आईला इकडे आणलं. मुलगा चांगला, सून चांगली, दोघंही सकाळी लॅपटॉप उघडतात ते दिवेलागणीला मिटतात. स्वयंपाकाला बाई, भांड्यांना बाई, किराणा दारात. "मला कोणी काही करूच देत नाही हो," त्या म्हणाल्या. "कोथिंबीर आणायला म्हणून भांडून निघाली, तर घर हरवून बसली."

मी तीस वर्षांपूर्वी कोल्हापूरहून लग्न होऊन इथे आले. नवरा सरकारी संशोधन संस्थेत, मी निवृत्त होईपर्यंत बँकेत. कन्नड मला कामापुरतं शिकावंच लागलं. त्यामुळे या शहरात माणूस आधी कसा मुका होतो आणि मग हळूहळू कसा बोलू लागतो हे मला ठाऊक होतं. पण मला नोकरी होती. निर्मलाताईंना काय होतं? त्या रोज दुपारी माझ्याकडे यायच्या, खिडकीशी बसायच्या, आणि अकोल्याचं ऊन, अकोल्याची ज्वारी, अकोल्याच्या मुली यांच्याविषयी बोलायच्या. हळूहळू ते बोलणंही आटत चाललं होतं.

अशात सोसायटीची नोटीस लागली. बेसमेंटमध्ये धूळ खात पडलेल्या गाड्या महिन्याच्या आत हलवा, नाहीतर भंगारात देऊ. त्यात एक गाडी अमोलची होती. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यानं ती सकलेशपूरकडच्या एका कॉफीच्या मळ्यातून हौसेनं आणली होती. जुनी जपानी ट्रेल बाईक, टू-स्ट्रोक. उंच, सडपातळ, डोंगरातल्या पायवाटांवर चालवायला केलेली, पुढचा मडगार्ड चाकापासून हातभर वर. ती दुरुस्त करून घाटात न्यायची असं त्याच्या मनात होतं. त्यासाठी काही भाग त्यानं उघडलेही, पण मग लग्न, बढती, नवं घर, वडिलांचं आजारपण... उघडलेले भाग एका खोक्यात गेले आणि गाडी बेसमेंट-टूच्या, म्हणजे तळघराच्या खालच्या मजल्याच्या, कोपऱ्यात. दोन्ही टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली, टाकीत गंज. होसकोट्याचा एक भंगारवाला न्यायला तयार होता. अमोलनं जेवताना सहज हे सांगितलं, तर निर्मलाताई म्हणाल्या, "थांब, देऊ नको. मी पाहते."

"आई, तुला सायकलसुद्धा येत नाही."

"चालवायची कुठे म्हणून राहिली मी? दुरुस्त करते म्हणते."

तो हसला. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी निर्मलाताई मला घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेल्या. गाडीवर काम चालू आहे असं दिसलं तर तीन महिने मुदत देऊ, असं तिथल्या सेक्रेटरीनं कबूल केलं. बहुधा ही म्हातारी आठवडाभरात कंटाळेल असा त्याचा हिशेब असावा.

मला इंजिनातलं काही कळत नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. फरक एवढाच की मला त्याची भीती वाटत होती, त्यांना वाटत नव्हती. "आपण दोघी नववीत आहो असं समजा," त्या म्हणाल्या. "पंपात हवा दाबली की तापते. इथे हवेसोबत पेट्रोल दाबतात आणि ठिणगी देतात. बस्स, एवढाच तर प्रयोग आहे." माझ्या फोनवर आम्ही इंग्रजी व्हिडिओ लावायचो, मी भाषांतर करायची, आणि मला न कळलेलं वाक्य त्यांना कळायचं. प्रत्येक स्क्रू काढला की कागदाच्या पट्टीवर त्याचं गाव लिहायचं, कुठून काढला ते, आणि मसाल्याच्या रिकाम्या डबीत ठेवायचा. तरी चुका व्हायच्या त्या झाल्याच. पहिल्याच दिवशी चुकीचा स्क्रूड्रायव्हर लावून त्यांनी तीन स्क्रूंची डोकी घासून गुळगुळीत केली. पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची एक बारीक कडी असते. ती काढताना अशी उडाली की आम्ही दोघी तासभर गाड्यांखाली वाकून शोधत होतो. कुणाच्या तरी गाडीखाली पडलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांना पाहून वॉचमन धावत आला, त्याला वाटलं कुणाला चक्कर आली. कडी सापडली नाही. "एक धडा झाला," निर्मलाताई म्हणाल्या. "पुढच्या वेळी आधी फडकं पसरायचं."

मुख्य अडचण अशी होती की गाडीची किक खालीच जात नव्हती. इतक्या वर्षांत पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता. जोर लावला तर तुटेल असं सगळे सांगत होते. निर्मलाताईंनी स्पार्क प्लगच्या भोकातून डिझेल आणि तेल ओतलं आणि वाट पाहायचं ठरवलं. रोज सकाळी त्या खाली जायच्या, तळव्यानं किक हळूच दाबून पाहायच्या, आणि परत यायच्या. विरजण लागलं की नाही ते पाहतात तसं. पाचव्या दिवशी सकाळी सातला माझी बेल वाजली. दारात त्या, गाऊनवर शाल, हात कोपरापर्यंत काळे. "हललं!" त्या म्हणाल्या. "बोटभर हललं, विजयाताई!" इथे आल्यापासून त्यांचा आवाज एवढा मोठा झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

पिस्टन सुटला, पण आतून सिलिंडरची भिंत गंजून खरवडली होती. ती बोअर करून घ्यावी लागणार होती. सोलापुरी टॉवेलात सिलिंडर गुंडाळून आम्ही बसनं आणि मग मेट्रोनं निघालो. मेट्रोच्या तपासणीत पिशवीतला तो लोखंडी ठोकळा पडद्यावर दिसला आणि पोलीसबाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. निर्मलाताईंनी टॉवेल सोडून, मराठी-हिंदी मिसळून, त्यांना टू-स्ट्रोक इंजिनाचं कार्य समजावून सांगायला सुरुवात केली. मागे रांग खोळंबली. शेवटी त्या पोलीसबाईंनीच "सरी, सरी, होगि अम्मा", म्हणजे बरं बरं, जा बाई, असं म्हणत हात जोडले.

विचारत विचारत आम्ही गणोजीरावांच्या दुकानात पोचलो. आम्ही आपसात बोलतोय ते ऐकून त्यांनी चष्मा वर केला. "मराठी? तुमचं मराठी पेपरातलं आहे. आमचं घरातलं. लिहायला-वाचायला येत नाही, पण भांडायला येतं." मग सिलिंडर उजेडात धरून म्हणाले, "कोण उघडलं हे?" निर्मलाताई म्हणाल्या, "मी." "गाडी कुणाची?" "माझी," त्या म्हणाल्या. गणोजीरावांनी त्यांच्याकडे, मग त्यांच्या काळ्या नखांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. या गाडीचा पिस्टन इथे मिळणार नाही, दुसऱ्या गाडीचा जुळवावा लागेल, आठवड्यानं या, असं ते म्हणाले. आठवड्यानं गेलो, तर काम अजून व्हायचं होतं. "ठेवून जा अक्का, उद्या देतो." "नाही, मी थांबते," निर्मलाताई म्हणाल्या. "मला पाहायचं आहे." आणि त्या खरोखरच दिवसभर दुकानात बसल्या. कातणारं पातं सिलिंडरमधून किती सावकाश उतरतं, मध्येच थांबून ते किती वेळा मोजतात, केसाएवढी फट का ठेवतात, सगळं विचारत. दुपारी गणोजीरावांनी आपल्या डब्यातला लिंबाचा भात, त्यांचं चित्रान्न, अर्धा काढून त्यांना दिला.

त्यानंतर महिन्यातून दोन-तीन वेळा तरी त्या तिकडे जाऊ लागल्या, पुढे पुढे एकट्याच. त्यांचं कन्नड त्या दुकानात तयार झालं, त्यामुळे ते सगळं नटबोल्टांचं. "स्वल्प बिगि माडि", म्हणजे जरा घट्ट करा, हे त्यांचं पहिलं वाक्य. एकदा भाजीवाल्यानं जुडीची दोरी सैल बांधली तर त्यालाही त्यांनी तेच सांगितलं. तो एवढा हसला की वर दोन लिंबं घातली. टाकीतला गंज काढायला चिंचेचं पाणी आणि मूठभर खडी घालून आम्ही दोघींनी ती पाळण्यासारखी झुलवली. आवाज ऐकून येणारे-जाणारे थांबायचे. कुणी सल्ला द्यायचं, कुणी जुन्या गाडीची आठवण सांगायचं. बेसमेंट-टूमध्ये निर्मलाताईंना आता नावानं ओळखणारी माणसं झाली होती. फक्त अमोल खाली येत नसे. विचारलं की म्हणायचा, "तिचा वेळ जातोय ना, मग झालं."

अडीच महिन्यांनी, एका शनिवारी संध्याकाळी, गाडी सुरू झाली. किती किका मारल्या ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. किक वॉचमन मारत होता, कारण आम्हा दोघींची उंची पुरत नव्हती. आधी एक फुसका आवाज, मग एकदम तडतडाट, आणि पांढऱ्या धुरानं सगळा कोपरा भरून गेला. निर्मलाताई खोकत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. मिनिटभरानं त्यांनी गाडी बंद केली. "आज एवढंच. गरम होईल." त्या वर गेल्या तेव्हा त्यांच्या अंगाला जळक्या तेलाचा वास येत होता. सुनेनं विचारलं, तेव्हा अमोलला कळलं.

पुढचं मला त्यानंच नंतर सांगितलं. त्या रात्री त्याला फार बरं वाटलं आणि फार वाईटही. सकाळी आई उठायच्या आधी त्यानं ठरवलं की गाडी चालवून तिला बाल्कनीतून दाखवायची. टाकीत जेमतेम कपभर पेट्रोल होतं. त्यानं कॅनमधून आणलेलं पेट्रोल भरलं आणि वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर फेऱ्या मारू लागला. निर्मलाताई आवाज ऐकून बाल्कनीत आल्या, त्यांनी हातही हलवला. चौथ्या फेरीत गाडी किंचाळली, मागचं चाक घासलं, आणि ती जागीच थांबली. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. ते नसेल तर पिस्टन कोरडा पडतो आणि सिलिंडरला जाम होतो. अमोलला एकेकाळी हे माहीत होतं, तो विसरला होता. त्यानं भरलं होतं ते नुसतं पेट्रोल.

मी जिन्यातच होते, त्यामुळे पुढचं भांडण माझ्या कानावर पडलं. निर्मलाताई खाली येऊन गाडीजवळ उभ्या होत्या. अमोल म्हणाला, "सॉरी म्हटलं ना आई. मी तुला नवी घेऊन देतो. पाहिजे ती."

"मला गाडी नको आहे रे," त्या म्हणाल्या. "इथे माझ्या हातचं एवढं एकच होतं."

"म्हणजे बाकी सगळं माझं? मग काय करायला पाहिजे होतं मी? बाबा गेल्यावर तुला तिकडे एकटीला ठेवायला पाहिजे होतं? सांग ना. वर्ष होत आलं, तू एकदा तरी सांगितलंस का, तुला काय पाहिजे?"

दोघंही लिफ्टनं वर गेले, वेगवेगळ्या लिफ्टनं. त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे निर्मलाताई खाली फिरकल्या नाहीत. माझ्याकडेही येईनात. सोसायटीची मुदत संपत आली होती. मला दुसरं काही सुचेना, तेव्हा मी चिकपेटला जाऊन गणोजीरावांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन "हूं" एवढंच म्हणाले.

त्या रविवारी दुपारी ते आले. धुतलेला पांढरा शर्ट, कपाळाला गंध, दोन बस बदलून. हातातल्या पिशवीत दोन नवे पिस्टन. निर्मलाताईंच्या घरी न जाता ते थेट बेसमेंटमध्ये गेले आणि मला म्हणाले, "अक्कांना बोलवा. मी पाहुणा म्हणून आलेलो नाही, कामाला आलोय." त्या आल्या. तासाभरात सिलिंडर निघाला. पिस्टन एका अंगानं खरवडला होता आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला फासलं गेलं होतं. गणोजीरावांनी त्यावरून अंगठा फिरवला. "भिंत वाचलीय. हे वरचं निघतंय, घासून. रडायचं कारण नाही. मी शिकलो तेव्हा पहिल्या वर्षात चार सिलिंडर वाया घातलो, अक्का. मालक काय म्हणाला माहिती? म्हणाला, आता तुझ्या हातात चार सिलिंडरचं शहाणपण आलं, तुला कसा सोडू?"

निर्मलाताईंनी तो पिस्टन हातात घेऊन फिरवून पाहिला. मग एकदम म्हणाल्या, "चूक माझीच आहे. एकतीस वर्षं मी मुलींना सांगत होते, बाटलीवर नाव नसेल तर ती बाटली उघडू नका. आणि टाकीवर 'तेल मिसळून' एवढी चिठ्ठी मला लावता आली नाही. त्याला कसं कळणार?" त्या तशाच, काळ्या हातांनी, वर गेल्या. वर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण अर्ध्या तासानं लिफ्टमधून दोघंही खाली आले. अमोलचे डोळे लाल होते. निर्मलाताईंच्या हातात शाळेच्या काळातलं काचेचं मोजपात्र होतं. ते त्यांनी त्याच्या हातात दिलं. "मोज," त्या म्हणाल्या, "आणि वाचताना डोळा रेषेच्या समोर ठेव, वरून पाहू नको." सदतीस वर्षांचा तो माणूस गुडघ्यावर बसला, डोळा रेषेच्या समोर आणून तेल मोजू लागला. गणोजीराव माझ्याकडे पाहून हसले आणि त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

त्यानंतर अमोल दर रविवारी खाली येऊ लागला. गाडी महिन्याभरात नीट झाली. सेक्रेटरीनं स्वतः येऊन पाहिली आणि मुदतीचं नाव काढलं नाही. सर्जापूरच्या पुढे घरांसाठी प्लॉट पाडून अर्धवट सोडलेल्या एका लेआउटमध्ये रिकामे डांबरी रस्ते आहेत, तिथे एका सकाळी आम्ही सगळे गेलो. अमोलनं दोन फेऱ्या मारल्या आणि मग आईला म्हणाला, "बस, पुढे बस." मला वाटलं थट्टा करतोय. पण निर्मलाताईंनी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गाठ मारून बांधली, हेल्मेट घातलं, आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन त्या उंच सीटवर चढल्या. पाय जमिनीला टेकत नव्हते. पहिल्या गिअरमध्ये, अमोल शेजारून पळत असताना, त्या चाळीस-पन्नास पावलं गेल्या असतील. मग क्लच सोडताना गाडीनं हिसका दिला आणि त्या अलगद गवतात आडव्या झाल्या. आम्ही धावलो. त्या आडव्या पडल्या होत्या आणि हेल्मेटच्या आतून हसत होत्या. "सर असते तर म्हणाले असते, निर्मला, उतारवयात काय करून राहिली तू!" यजमानांचा उल्लेख त्यांनी डोळे न भरता केलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढची दोन वर्षं त्यांची चांगली गेली असं मी खात्रीनं म्हणू शकते. बेसमेंट-टूचा तो कोपरा आपोआप त्यांचा झाला. रविवारी कुणी बंद पडलेला मिक्सर आणायचं, कुणी सायकल, कुणी बापाची ठेवणीतली स्कूटर. सगळ्या गोष्टी दुरुस्त व्हायच्या असं नाही. "आता हे उघडून तर पाहू, बिघडलेलंच आहे, आणखी काय बिघडेल?" हे म्हणायची त्यांची एक पद्धत होती, आणि ती ऐकूनच माणसाला धीर यायचा. मी स्वतः, बँकेतून निवृत्त झालेली बाई, कार्ब्युरेटर साफ करायला शिकले. हृदयाचं दुखणं कळल्यावर डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली. तेव्हा त्यांनी उचलायची कामं अमोलकडे दिली आणि सांगायची स्वतःकडे ठेवली. शेवटच्या गुरुवारी त्या माझ्याकडे आल्या होत्या. काही विशेष बोलणं झालं नाही. पोहे खाल्ले, मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी मी खाली गेले तर अमोल गाडीपाशी उभा होता. कव्हर काढलं होतं, पण त्यानं गाडीला हात लावला नव्हता. मला पाहून म्हणाला, "काकू, एक विचारू? खरं सांगा. मी तिला इथे आणून चूक केली का? ती कधी काही बोललीच नाही." मला त्याला पटकन "नाही रे" म्हणता आलं असतं. पण त्याला माझं मत नको होतं, आईचं हवं होतं, आणि ते माझ्यापाशी नव्हतं. आजवर इतकी हतबल मी क्वचितच झाले असेन.

उत्तर गेल्या मंगळवारी आलं, एका ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून. हे इथे सांगायला हवं की निर्मलाताई अकोल्याहून आल्या त्या कपड्यांच्या एका बॅगेनिशी. अमोलनं किती वेळा म्हटलं, तुझं सामान मागवून घेऊ, तर दर वेळी एकच उत्तर, "तिथलं तिथेच राहू दे." तर त्या मंगळवारी गेटवरून फोन आला की अकोल्याहून सामान आलंय. पाच खोकी आणि पोत्यात गुंडाळलेलं एक काहीतरी. अमोल म्हणाला, चुकून आलं असेल. मी त्याच्याबरोबर खाली उतरले. टेम्पोवाल्याच्या हातातल्या कागदावर घेणाऱ्याचं नाव होतं निर्मला वानखडे, आणि इथला पूर्ण पत्ता. इमारतीच्या क्रमांकासकट, बिनचूक. अमोलनं अकोल्याच्या शेजाऱ्यांना फोन लावला. त्यांच्याकडे घराची एक किल्ली असायची. ते म्हणाले, "ताईंनीच सांगितलं होतं, जायच्या दहा-बारा दिवस आधी. म्हणाल्या, माझं सगळं सामान आता घरी पाठवा. पुढे त्यांचं असं झालं... मग पाठवावं की नाही कळेना. पण त्यांनी सांगितलं होतं, म्हणून पाठवलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलंसुद्धा, की ताई, घरी म्हणजे कुठे? तर त्या हसल्या आणि बंगलोरचा पत्ता सांगितला."

अमोल फोन कानाला लावून गेटपाशी उभा होता. टेम्पोवाला सहीसाठी कागद पुढे करत होता. त्यानं सही केली, आणि मग तिथेच कठड्यावर बसून, कुणाची पर्वा न करता, रडला. पण ते रडणं दिवसकार्याच्या वेळचं नव्हतं. उठला तेव्हा त्याचे खांदे मोकळे झालेले मला दिसले.

खोक्यांत भांडी निघाली, पुस्तकं निघाली, सरांचे चष्मे निघाले. पोत्यात होतं एक उंच लाकडी स्टूल. शाळेच्या प्रयोगशाळेतलं. निवृत्तीच्या वेळी शाल-श्रीफळ नको, हे द्या, असं म्हणून त्यांनी ते मागून घेतलं होतं, असं अमोलनं सांगितलं. त्याच्या बैठकीवर आम्लाचे दोन तपकिरी डाग आहेत आणि मधोमध एकतीस वर्षांची गुळगुळीत झिलई. वरच्या घरात ते कुठे ठेवावं यावर दोघा नवरा-बायकोचा थोडा विचार झाला, आणि मग अमोलनं ते खांद्यावर घेऊन बेसमेंट-टूमध्ये आणलं. इतके दिवस निर्मलाताई उलट्या बादलीवर बसून काम करायच्या. ते स्टूल त्या गाडीशेजारी ठेवलं आणि आम्ही दोघंही पाहतच राहिलो. त्याची उंची त्या गाडीला नेमकी पुरते.

परवा रविवारी नऊ नंबरच्या इमारतीतल्या एक तमिळ आजी शिलाई मशीन घेऊन आल्या. अमोलनं गाडी बाजूला घेतली, स्टूल पुसलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. त्या बसल्या. मशीनचा खालचा पत्रा काढायला मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, आणि आधी खाली फडकं पसरलं.